चार बोटं जागा

बर्फाच्या कारखान्यात सगळे त्याला चारबोटे म्हणत. नवा माणूस आला की आधी त्याच्या हाताकडे बघे. बोटं पाचच्या पाच शाबूत. एकतीस वर्षं तो पत्र्याच्या उंच डब्यांत पाणी भरत आला होता आणि प्रत्येक डब्यात काठाखाली चार बोटं जागा सोडत आला होता. पट्टी नाही, खूण नाही. आडवा हात धरायचा, नळ बंद करायचा.

डबे मिठाच्या थंडगार पाण्यात बुडवलेले असत. ते खारं पाणी स्वतः गोठत नाही, पण डब्यातल्या गोड्या पाण्याला गोठवतं. पाणी आधी डब्याच्या भिंतीला धरतं. मग काचेसारखं आत आत सरकतं आणि पोटातली हवा मधोमध कोंडतं. म्हणून लादीच्या गाभ्यात पांढरी रेघ. आणि शेवटी अंग फुगवून वर येतं. बाकावर उशिरा येणाऱ्या भावासाठी जागा धरावी, तशी ती चार बोटं चारबोटे धरून ठेवी.

म्हातारे मालक गेले आणि कारखाना त्यांच्या जावयाकडे आला. जावई हुशार. उकाडा होता, म्हणून त्यानं आपलं टेबल डब्यांवरच्या लाकडी झाकणांवरच मांडलं. पायाखाली फुकटचा गारवा.

"डबे अपुरे का भरता?" तिथूनच त्यानं विचारलं.

"पाणी गोठताना फुगतं, साहेब."

"थंडीनं वस्तू आकसते. शाळेत शिकवतात हे."

"पाणी शाळेत गेलेलं नाही, साहेब."

मागे कोणीतरी खोकलं. जावयाला ते खोकणं झोंबलं. "उद्यापासून काठोकाठ. जमत नसेल तर सोमवारपासून घरी बसा."

घरी बसणं अवघड होतं. खोल्या दोन, एकीत बायकोचं शिवणयंत्र, दुसरीत सासूबाई.

"मग भरा की काठोकाठ," बायको दातानं दोरा तोडत म्हणाली.

"एकतीस वर्षांत एक लादी वाया घालवली नाही मी."

"अहो, तुम्ही कुठे घालवताय? सांगणारा घालवतोय. त्याच्या टेबलाखालची रांग आधी भरा."

"पुढच्या दोन पायांखालची," आतून सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं ती रांग भरली. पाणी काठावर येऊन थरथरलं. आडवा हात सवयीनं पुढे झाला; तो त्यानं खिशात घातला.

तिसऱ्या दिवशी जावयानं टेबलावर चहा ठेवला, तोच आधी पेन गडगडत त्याच्या मांडीवर आलं, मागोमाग कप. टेबलाचे पुढचे पाय वर उचलले गेले होते. झाकणं बर्फाला चिकटलेली. छिन्नीनं सोडवावी लागली. खाली प्रत्येक डब्याला बर्फाचं कुबड आलेलं. सांडलेलं गोडं पाणी मिसळून खाऱ्याचा खारटपणा उतरला होता आणि त्यावरही कडेनं बर्फाची पातळ साय धरू लागली होती.

कोणी खोकलं नाही.

जावई ओल्या विजारीनं त्या कुबडांजवळ आला. मग वाकून त्यानं एका रिकाम्या डब्याच्या काठाशी आपला हात आडवा धरला.

"एवढी जागा?"

चारबोटेनं त्या हाताकडे नीट पाहिलं.

"तुमची बोटं बारीक आहेत, साहेब. तुम्ही साडेचार धरा."

"नकोच," जावई हात पुसत म्हणाला. "सोमवारी तुम्हीच धरा."