खिडकीतल्या दोन निळ्या कुंड्या

घरातली अडनिडी जागा दिसली की गेस्केचे हात शिवशिवायचे. जिन्याखालच्या तिरक्या कोनाड्यात तिनं बसायला बाक केला होता. आमच्या संडासातली वीतभर भिंतसुद्धा तिनंच सजवली, मधोमध वाढदिवसांचं कॅलेंडर आणि भोवती शिंपले. गावातल्या बायका तिला हक्कानं बोलवायच्या आणि कॉफीबरोबर एकच बिस्किट देऊन डबा बंद करायच्या. मी समोरच राहते. आमच्या दोघींच्या खिडक्या एकमेकींकडे तोंड करून आहेत.

तिची खिडकी म्हणजे गल्लीची शोभा. फ्रीसलंड प्रांतातल्या आमच्या गावात पडदे कुणी ओढत नाही. ओढलेच तर एक तर घरात कुणी गेलेलं असतं, नाहीतर आत काहीतरी काळंबेरं असतं. गेस्केच्या खिडकीत लग्नापासून दोन निळ्या कुंड्या होत्या, अगदी सारख्या, दोन टोकांना दोन.

मग तिचा नवरा सीत्से सगळं विसरायला लागला. बोटींसाठी कालव्यावरचा पूल उचलायची त्याची नोकरी संपून कितीतरी वर्षं झाली होती, तरी पहाटे टोपी घालून निघायचा. "बोटी खोळंबल्यात," म्हणायचा. कधी अर्ध्या कपड्यांत खोलीभर फिरायचा. गेस्केनं पडदे ओढून घेतले आणि पडद्यांच्या आड येतात म्हणून कुंड्या मागच्या अंगणात नेऊन ठेवल्या.

"काय गं, सूर्याशी भांडलीस का?" मी रस्त्यात विचारलं.

"माझ्या माणसाचा तमाशा करू?" ती फाडकन म्हणाली. "तू तर खुर्ची टाकून बसशील!"

मला असा राग आला की बरेच दिवस मी तिच्याकडे फिरकले नाही.

त्यानंतर सीत्से हरवायला लागला. आधी पुलापर्यंत जाऊन आपला आपण परतायचा. आता स्वतःच्या दारावरून सरळ पुढे निघून जायचा. एकदा तर कालव्यात पाय सोडून बसलेला सापडला, ओठ काळेनिळे पडलेले. मुलीनं फोनवर बजावलं, "आई, आता पुन्हा असं झालं तर बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं." गेस्केला नेमकं तेच नको होतं. त्या धास्तीनं तिचं खाणंपिणं सुटलं.

शेवटी तिनं घरातली उरलेली अडनिडी जागाही सजवली. घरातल्या बोळाच्या टोकाला, पुढच्या दारावर आतल्या बाजूनं, पुस्तकांच्या कपाटाचं चित्र असलेला कागद वरपासून खालपर्यंत चिकटवला. कडीसुद्धा त्याच रंगात रंगवली. राग गिळून मी पाहायला गेले, तर निघताना मलाच दार सापडेना. सीत्सेचं बाहेर जाणं मात्र थांबलं.

एका सकाळी मी तिथं असतानाच तो टोपी घालून बोळात आला. एकेका पुस्तकावरून बोट फिरवलं आणि गेस्केकडे वळून अदबीनं म्हणाला, "बाई, बाहेर जायचं कुठून? घरी बायको वाट बघत असेल."

"अरे, मीच ती!"

"चेष्टा करू नका हो. माझी बायको कोपरे सजवते, दारं नाही बुजवत."

गेस्केनं नखानं कागदाची कड धरली आणि ओढली. अख्खं कपाट टरटरत खाली आलं. दार उघडून ती म्हणाली, "चला, तुम्हाला घरी सोडते."

दोघं पुलापर्यंत गेली आणि परत फिरली. मला राहवेना, मीही मागोमाग होते. दार आलं, पण सीत्से थांबलाच नाही. गेस्केनं त्याची बाही धरली.

"हेच ना तुमचं घर?"

"छे! इथं कुणीतरी गेलंय. पडदे बघा ना. आमच्या खिडकीत दोन निळ्या कुंड्या असतात. त्या दिसल्या की मी वळतो."

गेस्केचा चेहरा पांढराफटक पडला. "धर याला," ती मला म्हणाली आणि आत धावली. पडदे सरकले. एक कुंडी आली, मग दुसरी. ती तिनं इतक्या घाईनं टेकवली की काचेवर माती उडाली.

सीत्सेनं टोपी काढली. "हं, हे आलं," म्हणाला आणि माझा हात सोडवून थेट दाराकडे गेला.

दारात गेस्के उभी होती. तिला पाहून तो हसला. "या ना बाई, आत या, कॉफी घ्या. माझी बायको घरातच असेल. तुम्हाला भेटून तिला फार बरं वाटेल."

गेस्केनं पायपुसण्यावर पाय पुसले आणि पाहुणीसारखी त्याच्यामागून आत गेली.