शेगावला कोण हरवलं होतं

भाऊबीजेला धाड गावी ताईकडे गेलो, तेव्हा पिशवीत दिवाळी अंक मुद्दाम ठेवला होता. त्यात माझा लेख होता. लहानपणी शेगावच्या गर्दीत मी हरवलो, बांगड्या विकणाऱ्या एका बाईनं मला दिवसभर जवळ बसवून घेतलं आणि संध्याकाळी आईनं मला पाहताच रडत पोटाशी धरलं, असा. ही गोष्ट मी आयुष्यभर लोकांना सांगत आलोय. या वेळी लिहिली एवढंच.

जेवणं झाल्यावर भाचीनं लेख मोठ्यानं वाचला. भाऊजी मान डोलवत होते. शेजारच्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला. ताई तेवढी खाली मान घालून सुपारी कातरत होती. तिलाही भरून आलं असेल, असं मला वाटलं.

निघालो तेव्हा ती स्टँडपर्यंत सोबत आली. एरवी दारातूनच निरोप देते. वाटेत हळूच म्हणाली, "तू नाही हरवला होता रे. मी हरवली होती."

मी हसलो. "काहीतरीच काय, ताई! मला ती बाई अजून दिसते. तिनं मला फुटाणे दिले होते."

"फुटाणे मले देले होते. तू तं मायच्या कडेवर होता, लहानसा. रडून राह्यला होता, म्हून तुले सावराले तिनं माहा हात सोडला." थोडं चालून ती म्हणाली, "अन् पोटाशी नाही धरलं. सापडल्यावर दोन थापडा देल्या, साऱ्या लोकाइसमोर."

"मग घरात का नाही बोललीस?"

"पोरगी एवढ्या कौतुकानं वाचत होती. कायले बोलू?"

मग आठवलं. ही गोष्ट लहानपणी ताईच मला सांगायची. ऐकता ऐकता तिला उठवून मी कधी त्या बाईशेजारी जाऊन बसलो, कळलंच नाही. थापडा गाळल्या. लेखात 'माय'ची 'आई'सुद्धा करून टाकली.

"संपादकांना कळवतो. खरं छापायला सांगतो."

"नको. मायनं मले मारलं, हे साऱ्या जगाले कायले सांगतं?"

पुढे बुलडाण्यात एका वाचनालयानं तोच लेख वाचायला बोलावलं. मी अंक मिटला आणि खरं सांगून टाकलं. ताईनं नको म्हटलं होतं, तरी. सभागृह गप्प झालं. ती शांतता मला सोसेना. मी म्हणालो, "पण त्या रात्री आई तिचा गाल कुरवाळत जागी बसली होती."

टाळ्या झाल्या. खुर्चीवर येऊन बसलो आणि ध्यानात आलं, हे मला कोणीच सांगितलेलं नव्हतं. तिथल्या तिथे मी ते रचलं होतं.

घरी पोचलो तर ताईचा फोन. "कसा झाला रे कार्यक्रम?"

"बरा झाला," मी म्हणालो, आणि भाऊजींच्या तब्येतीची चौकशी करू लागलो.