जीतीचे मामा

मामांना डोक्यावर पेटा नसताना पाहिलेली माणसं माझ्या लहानपणी बंगळूरच्या अख्ख्या शिवाजीनगरात दोनच होती, एक मी आणि दुसरा न्हावी. पेटा म्हणजे म्हैसुरी धाटणीचा फेटा; मोतिया रेशमाचा, जरीच्या रुंद पट्टीचा तो पेटा मामा रोज सकाळी नव्यानं बांधत. बाजारात तयार मिळणाऱ्या पेट्याला ते 'झाकण' म्हणत. कचेरीतले तरुण गुमास्ते तोवर उघड्या डोक्यानं, केसांचा कोंबडा काढून येऊ लागले होते आणि पाठीमागे त्यांना 'पेटेराव' म्हणत. मामांना ते ठाऊक होतं. "डोकं झाकलं की निम्मा मूर्खपणा आतच राहतो," एवढं बोलून ते आरशात जरीची पट्टी सारखी करत.

पेटा बांधायचा तर कापडाचं दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं. मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, बिनलग्नाचे, आमच्याच घरी राहणारे. मी त्यांची एकुलती एक भाची, त्यामुळे टोक धरण्याचा मान माझा. फाळणीनंतर शेजारी एक सरदारजी राहायला आले. सोबत बायको, तिला सगळे बीजी म्हणत, आणि मुलगी बलजीत, म्हणजे जीती. मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान त्यांनी नुकतं टाकलं होतं. एका सकाळी मामांनी खिडकीतून पाहिलं, तर सरदारजी पगडीचं टोक दाराच्या कडीला बांधून एकटेच घड्या घालत होते. मामा अर्ध्या पेट्यानिशी खाली उतरले, कडीची गाठ सोडली आणि टोक हातात घेतलं. दुसऱ्या दिवशी सरदारजी आमच्या अंगणात येऊन मामांचं टोक धरून उभे राहिले. पुढे वर्षानुवर्षं हेच चाललं. माझी नोकरी गेली, याचा मला बरेच दिवस राग होता.

जीती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं लग्न ठरलं ते दिल्लीच्या एका फौजी घराण्यात. एका सकाळी पगडीचं टोक ताणलेलं असतानाच सरदारजी म्हणाले, "मामाजी, एक काम है. आपही कर सकते हो." त्यांच्यात लग्नाच्या दिवशी मुलीच्या हातात लाल चूडा मामानं चढवायचा असतो. मग वऱ्हाड दाराशी आलं की दोन्हीकडचे नातेवाईक जोडीजोडीनं भेटतात, बाप बापाला, मामा मामाला. त्याला मिलनी म्हणतात. बीजींचा एकुलता एक भाऊ फाळणीत मागे राहिला होता, तो कधी पोचलाच नाही. जीतीला मामा नव्हता.

मामांनी टोक न सोडता आणखी ताणलं. मग कानडी होकार देत म्हणाले, "सरी. हो गया समझो." संध्याकाळी आईपाशी मात्र त्यांचा धीर सुटला. मुलाकडचे मामा सुभेदार होते, भलतेच करारी. परका माणूस मामा म्हणून उभा केला म्हणून त्यांनी दारातच तोंड फिरवलं, तर भर वऱ्हाडासमोर जीतीची मान खाली जाणार होती. "अगं, माझं काय, मी हसं झालेलाच माणूस आहे," मामा म्हणाले. "त्या पोरीचं होता कामा नये."

मग ते तयारीला लागले. मिलनीत दोघे मामा एकमेकांना मिठी मारतात आणि ज्याच्यात जोर असेल तो दुसऱ्याला उचलतो, असं त्यांना कळलं. मामांची उंची पाच फूट दोन इंच. रोज सकाळी ते परसात तांदळाचं पोतं कवेत घेऊन उचलू लागले, आणि तेही पेटा बांधून. पोतं उचललं जावं आणि पेटा हलू नये, अशी दुहेरी परीक्षा. आठ दिवस कमरेला लेप लावून झोपले.

गुरुद्वारात तंबाखूला मज्जाव आहे कळल्यावर मामांनी वीस वर्षांची तपकीर सोडली. "नाकाला काय, सवय लावू तशी लागते," म्हणाले आणि दोन दिवस घरभर चिडचिड करत फिरले. तपकिरीची चांदीची डबी पुढे आईनं सुपारीसाठी वापरली.

आमच्या वीसेक माणसांना आमंत्रण होतं. मामांनी सगळ्यांना ओसरीवर बसवून तंबी दिली. डोकं उघडं दिसता कामा नये, बायकांनी पदर घ्यायचा. पांढरी साडी नको, काळी नको. चपला बाहेर, पाय धुऊन आत. जमिनीवर बसायचं, ग्रंथसाहेबाकडे पाय करायचे नाहीत. प्रसाद दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायचा. उघड्या डोक्याच्या पुरुषांना सरदारजी स्वतः गुलाबी पगड्या बांधणार होते. मामांसाठीही त्यांनी एक काढली होती. मामांनी ती कपाळाला लावून परत दिली. "मामा म्हणून उभं राहायचं ना? मग माझ्याच डोक्यानं उभा राहतो."

लग्नाच्या सकाळी मामांनी दुधापाण्यात बुडवलेला चूडा जीतीच्या हातात चढवला. शेजारी आई बसली होती. "आमच्यात हिरवा, तुमच्यात लाल," मामा जीतीला म्हणाले, "पण मनगट सांभाळून, स्वल्प घट्ट आहे." बीजी पाठ फिरवून रडत होत्या.

वऱ्हाड गुरुद्वाराच्या फाटकाशी आलं. प्रार्थना झाली, बाप बापाला भेटले आणि मामांच्या नावानं हाक आली. पलीकडून सुभेदार पुढे झाले. सहा फुटांच्या वर, दाढी पिळून बसवलेली. त्यांनी मामांना पायांपासून पेट्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "आप लड़की के सगे मामा हैं?"

बँड थांबलेला होता. सरदारजींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मामा आपल्या बंगळुरी हिंदीत म्हणाले, "दस साल से इसके बाप की पगडी का टोक मैं पकडता. और कितना सगा होना आपको?"

सुभेदारांनी एकवार सरदारजींकडे पाहिलं, एकवार त्या पेट्याकडे. मग ते वाकले, चांगले कमरेतून वाकले आणि मामांच्या गळ्यात हार घातला. ते सरळ होतात न होतात तोच मामांनी त्यांना पोत्यासारखी कव घातली आणि उचललं. चार बोटं का होईना, सुभेदारांचे पाय जमिनीवरून सुटले. पेटा तसूभरही हलला नाही. फौजी वऱ्हाड टाळ्या पिटत ओरडलं, बँड कडाडला आणि सुभेदार मामांना खांद्याशी धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला, की गेलेल्या नोकरीचा राग कायमचा संपला.

आत सगळं शांत होतं. सरदारजींनी नवऱ्याच्या शेल्याचं टोक जीतीच्या हातात दिलं आणि ती त्याच्या मागून ग्रंथाभोवती फिरू लागली. पहिला फेरा पुरा झाला तसा आमच्या काकूंचा हात वर गेला. मंगलाष्टकांच्या सवयीनं सगळ्या बायकांनी रुमालात अक्षता बांधून आणल्या होत्या. तंबी देताना मामांना नेमकं तेवढंच सुचलं नव्हतं. पुरुषांच्या बाजूनं त्यांनी असे डोळे वटारले, की काकूंची मूठ हवेतच मिटली. चारही फेरे होईपर्यंत आमच्या बायका मुठी आवळून बसल्या होत्या. घरी आल्यावर त्या अक्षता मामांनी देवापुढे वाहिल्या, जीतीच्या नावानं.

पुढे काही वर्षांनी राजाजीनगरात माझं लग्न झालं. मामांचे गुडघे तोवर गेले होते. त्या सकाळी त्यांच्या पेट्याचं टोक सरदारजींनी धरलं होतं आणि जिन्यावरून त्यांना आधार देत जीती उतरत होती, दिल्लीहून मुद्दाम आलेली, कडेवर मूल घेऊन. अंतरपाट धरला गेला. भटजींना घाई होती. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, म्हणून त्यांनी दोनदा हाक दिली.

मामा माझा हात धरून दारात थांबले, दुसरा हात जीतीच्या खांद्यावर. खांद्यावरचा हात क्षणभर काढून पेटा सारखा केला आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"कुठल्या मुलीचे मामा, ते नीट विचारा भटजी. मला दोन आहेत."