वाळ्याचा पडदा

वाळ्याचा वास आला की मला आधी माझी ती झोप आठवते. जयपूरला बदली होऊन आलो तो अठ्ठावन्न सालचा जून होता. आम्ही गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहत होतो आणि खालून बादल्या वाहून वाहून बायकोचं दूध आटत चाललं होतं. नळ खाली घरमालकांकडे, बायकांच्या चौकात, तिथे पुरुषांना मज्जाव. म्हणून रविवारी माझ्या वाट्याला एवढंच काम, की दारावरच्या वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडायचं आणि आत निजलेल्या दीड महिन्याच्या मुलाकडे लक्ष ठेवायचं. त्या दुपारी मी दाराशीच घोरू लागलो. जाग आली तेव्हा पडदा खडखडीत वाळला होता, बाहेर लू घोंघावत होती आणि आतून दूध ओढल्याचा चुकचुक आवाज येत होता. चला, बायको आली वाटतं, असं म्हणतोय तोच ती भरली बादली घेऊन जिन्यात दिसली. मी धडपडत उठलो. तिने पडदा सारला. कोपऱ्यात घरमालकांची म्हातारी आई बसली होती, तोंडावर पूर्ण ओढणी, आणि तिच्या सुकल्या छातीशी आमचं बाळ शांतपणे चोखत होतं. म्हातारी वर्षभर खाटेवरून उठलेली नव्हती. "लालो रोवै छो," ओढणीआडून आवाज आला. बाळ रडत होतं म्हणे. बायकोने बाळ घेतलं, तेव्हा तिचा स्वतःचा पदर दुधाने भिजला होता. "पण ती जिना चढली कशी?" हे मी तेव्हा विचारलं, अजूनही विचारतो. बायकोचं उत्तर तेच असतं : "ते राहू द्या. तिला खालून रडणं ऐकू आलं. तुम्ही तर दाराशीच होतात."