उंबऱ्यापर्यंत उगवलेला घट

नेकनूरच्या आश्रुबाचा दसऱ्याच्या जेवणावर पूर्ण विश्वास होता. देवीवर, त्या जेवणापुरता.

त्या साली निजाम सरकारच्या पटवाऱ्याने जमीन मोजायची जरीब टाकून दोघा भावांची वाटणी केली. थोरल्या आसारामला तलवाड्याचा मळा आणि देव्हारा, आश्रुबाला नेकनूरचं माळरान. देवी मोजायचं कलम पटवाऱ्याकडे नव्हतं. ती उणीव आसारामच्या बायकोने, सुभद्राबाईने, निरोपाच्या वेळी भरून काढली: "देवी दोन घरी बसत न्हाई गं मनकर्णा. घट उगवलाच, तर कळीव."

मनकर्णा ही आश्रुबाची बायको. आठ वर्षं तलवाड्याच्या घटाला पाणी तिनेच घातलेलं. आता नव्या घरात तिने पत्रावळीवर काळी माती पसरली, गहू पेरला, मधोमध घट बसवला. उगवलं तर हे घर आपलं. नाही तर जन्मभर पाहुण्यासारखं राहायचं. हे ती कुणाला बोलली नाही, त्यामुळे सगळ्यांना कळलं.

पाऊस सरलेला, आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं, ज्वारीच्या पेरणीची घाई. मनकर्णा सकाळी घटाला पाणी घाली. आश्रुबा दुपारी औत सोडून येई आणि कुणी बघत नाही असं बघून तांब्याभर ओती. संध्याकाळी लेक चंद्रभागा. तिघांचीही श्रद्धा गुप्त होती. चौथ्या माळेला घटाला वास सुटला.

"कुनी घातलं एवढं पानी?" आश्रुबाने विचारलं. तांब्या त्याच्याच हातात होता.

"तुमीच सांगा की," मनकर्णा म्हणाली आणि तोंडाला पदर लावून बसली.

सातव्या माळेला चंद्रभागेने भिंतीकडेने उंबऱ्यापर्यंत मांडलेल्या बियाण्याच्या टोपल्या सरकवल्या आणि किंचाळली, "माय! हितं बघ!"

पाण्याने गहू पत्रावळीबाहेर वाहून नेला होता. भिंतीच्या कडेने थेट उंबऱ्यापर्यंत चार-चार बोटं पिवळी-हिरवी रांग उभी!

"आली!" आश्रुबा असा ओरडला की बाहेर बैलांनी दावी ताणली. "आली गं! पर हिला दाराची हवा लागती!"

मनकर्णा हसत-रडत, हळदीकुंकू वाहत, रांगेबरोबर रांगत उंबऱ्यापर्यंत गेली. दसऱ्यापर्यंत तिघंही उंबरा उडी मारून ओलांडत होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आसाराम बैलगाडीने सोनं द्यायला आला. पागोटं मोकळं.

"दादा, घटाचा तुरा कुठं हाय?" आश्रुबाने विचारलं.

"आमच्याकडं पानीच घातलं न्हाई कुनी. तुजी वैनी म्हनली, देवी आपलीच हाय, उगवंल." मनकर्णेकडे न बघता तो पुढे म्हणाला, "पानी कोन घालतं, ते वाटनी झाल्यावर कळलं."

मनकर्णाने उंबऱ्याजवळचे मूठभर तुरे खुडले. "चंद्रे, तुझ्या मोठ्या बापाला दे. आन् म्हणावं, जाऊबाईनं कळवाया सांगितलं होतं. कळविलं."

आसारामने एक तुरा पागोट्यात खोवला, बाकीचे बायकोसाठी उपरण्यात बांधले. निघताना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्या जाडजूड माणसाने उंबरा उडी मारून ओलांडला.