मामाने सांगितलेली दिल्ली

माझा मामा दिल्लीत नोकरीला होता. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आधी शिपाई आणि नंतर दफ्तरी म्हणून त्याने तेहेतीस वर्षं काढली. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून खाडीच्या काठाने आत गेलं की आईचं माहेर लागतं. तिथली माणसं पोटापाण्यासाठी मुंबईला जायची, मोहल्ल्यातली आखातात जायची. दिल्लीला गेलेला मामा एकटाच. मामी गावात राहिली. सासूसासऱ्यांचं म्हातारपण, भाताची शेती आणि आंब्याची चार कलमं हे सगळं तिने एकटीने सांभाळलं. त्यांना मूलबाळ झालं नाही.

मे महिन्यात मामा रजेवर यायचा. आई आणि मी त्या दिवसांत तिकडेच असायचो. संध्याकाळी उन्हं उतरली की घरापुढच्या खळ्यात पाणी मारायचं, चटया टाकायच्या, आणि मामा दिल्ली सांगायला बसायचा. शेजारपाजारची माणसं यायची. मोहल्ल्यातले चाचा यायचे, आमच्या आजोबांच्या मित्राचा मुलगा. ते दुबईहून येताना टेपरेकॉर्डर आणत, अत्तर आणत, गुबगुबीत ब्लँकेट आणत. मामाच्या पिशवीत सोहन हलव्याचा एक डबा असायचा, तोही पहिल्याच दिवशी संपायचा. पण चाचाही चटईच्या कडेला बसून मामाचं ऐकत राहायचे.

मामा सांगायचाही तसाच. लाल किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरलं की छपराखालचा बाजार कसा लागतो, मग नगारखाना, मग बादशहाची बसायची जागा, आणि पुढे महालांच्या मधोमध संगमरवरातून वाहणारा पाण्याचा पाट. जंतरमंतरला सावलीवरून वेळ कशी कळते. कुतुबमिनाराच्या जिन्यात अंधार कसा असतो, भिंतीला हात लावत चढावं लागतं, आणि वर पोचलं की वाऱ्याने टोपी उडते. आवारातला लोखंडी खांब हजार-दीड हजार वर्षं पावसात उभा आहे आणि गंजलेला नाही, हे तर कोणाला पटायचंच नाही. आमच्याकडे खाऱ्या हवेने दाराची कडी वर्षभरात लाल होते.

आई पडवीच्या खांबाला टेकून बसायची आणि मामाकडे बघत राहायची. तो थांबला की विचारायची, "मग पुढं?"

मला तेव्हा वाटायचं, लाल किल्ला जांभ्याचाच असणार. लाल दगड म्हटलं की दुसरं काही डोळ्यांपुढे येतच नव्हतं.

दरवर्षी मामा म्हणायचा, "बाय, एकदा तुला दाखवीन सगळं." आई हसायची. कधी लावणी असायची, कधी माझी परीक्षा, कधी सासरचं आजारपण. मामीलाही तो तेच सांगायचा. मामी एकदाही गेली नाही. मामाच्या निवृत्तीला चार वर्षं राहिली असताना ती तापाने गेली. मामा दिल्लीहून पोचला तेव्हा तिसरा दिवस होता.

निवृत्त होऊन मामा गावच्या घरात एकटा राहायला लागला. दिवसभर कलमांखाली फिरायचा, संध्याकाळी दिवा लावून बसायचा. खळ्यात चटया पडेनाशा झाल्या. आई दर आठवड्याला मासे घेऊन जायची आणि काळजी घेऊन परतायची. मी तोवर रत्नागिरीत शाळेत शिकवायला लागले होते. मीच म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत तिघं दिल्लीला जाऊ. मामा दाखवेल.

आईचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, हे आपण दहा वर्षं आधी करायला हवं होतं. मामा मात्र म्हणाला, "आता काय राहिलंय तिथं? गर्दी नुसती. पाय दुखतील तिचे."

"माझे पाय मी बघीन," आई म्हणाली. "तू फक्त वाट दाखव."

भातं झोडून झाल्यावर आम्ही निघालो. गाडीत आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी काढली तेव्हा समोरच्या बाकावरच्या बाईंनी खिडकी उघडली. आई ओशाळली नाही. डब्यातून मान वर करून मला म्हणाली, "पहिल्यांदा कुतुबमिनार. तो जिना मला चढायचाय." मामा खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, मामीची आठवण येत असेल.

दिल्लीत पोचल्यावर पहिल्याच सकाळी आम्ही कुतुबमिनारापाशी गेलो. रिक्षातून उतरल्यावर मामा इकडे बघ, तिकडे बघ करत उभा राहिला. तिकिटाची खिडकी कुठे ते मी एका माणसाला विचारलं. मला जरा नवल वाटलं, पण म्हटलं, बदललं असेल सगळं. आत गेल्यावर आई तडक मिनाराच्या पायथ्याशी गेली. दाराला कुलूप होतं. तिथे एक पहारेकरी उभा होता. आईने आपल्या हिंदीत त्याला विचारलं, "ऊपर जाने का दरवाजा कब खुलेगा?"

तो हसला. "अम्मा, ये तो कब का बंद है. बरसों हो गए. किसी को नहीं जाने देते."

"बरसों म्हणजे किती?" आईने मला विचारलं. मी त्याला विचारलं. त्याने सांगितलं ते ऐकून मी मनात हिशेब केला. मी पहिलीतही गेले नव्हते तेव्हापासून तो जिना बंद होता. टोपी उडाल्याची गोष्ट मी पाचवीत असताना ऐकली होती, आणि मामा म्हणाला होता की गेल्याच महिन्यात चढलो.

आई वळली. मामा दहा पावलं मागे होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"दादा, तू चढलास तो जिना कुठला?"

बाजूला हिरवळीवर एक कडुनिंब होता, त्याच्या सावलीत जाऊन मामा बसला. आम्ही दोघी गेलो. तेव्हा तो म्हणाला, "बाय, मी यातलं काही बघितलेलं नाय."

"काही म्हणजे?"

"काहीच. लाल किल्ला बसमधून बघितला. हा मिनार खोलीच्या गच्चीवरून दिसायचा लांबून. आत आज आलो, तुझ्याबरोबर."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि एकटीच लोखंडी खांबाकडे गेली. जाळीबाहेर बराच वेळ उभी होती. तिला राग आला होता की रडू येत होतं ते मला पाठीवरून कळेना. दुपारी आम्ही जेवायला बसलो. मामाने पोळी अर्धी टाकली. शेवटी आईनेच विचारलं, "तीस वर्षं खोटं का सांगितलंस रे? मी सासरी सगळ्यांना सांगायची, माझा भाऊ कुतुबमिनार चढतो म्हणून."

"रिकामा कसा येऊ?" मामा म्हणाला. "मुंबईची माणसं बॅगा भरून येत. चाचाच्या घरी तर बाजारच उतरायचा. माझ्या हातात काय असायचं? ऑफिसात प्रवाशांसाठी छापलेली पुस्तकं यायची, ती वाचली. तुम्ही ऐकत होतात. तू 'मग पुढं' म्हणायचीस. मग दरवर्षी थोडं जास्त वाचायला लागलो."

"आणि बघायला कधी गेला नायस ते?"

"रविवारी कपडे धुवायचे असत. आणि एकट्याने काय बघायचं गो? ती आली की बघू म्हणत होतो. तू आलीस की बघू." ती म्हणजे मामी. मामाने तिचं नाव घेतलं नाही.

आईने ताटातला भाताचा शेवटचा घास संपवला, हात धुतले आणि म्हणाली, "उद्या लाल किल्ला. मी दाखवते."

मला वाटलं, ती रागाने बोलली. पण दुसऱ्या दिवशी तिने खरंच दाखवला. दरवाजातून आत शिरल्यावर म्हणाली, "आता छपराखाली दुकानं लागतील." लागली. "पुढं नगारखाना." आला. मामा लहान मुलासारखा तिच्या मागून चालत होता आणि दर वळणावर तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याने सांगितलेला शब्द न् शब्द तिला पाठ होता. त्याला स्वतःला काही गोष्टी आठवतही नव्हत्या. "हे मी सांगितलं होतं?" तो विचारायचा. "ज्या वर्षी गाय व्याली त्या वर्षी," आई म्हणायची.

बाहेरच्या तटाला हात लावून ती म्हणाली होती, "हा जांभा नव्हे. गुळगुळीत आहे." म्हणजे तिलाही तेच वाटत आलं होतं. मी मोठ्याने हसले. पुढे महालांपाशी आलो तर संगमरवरातला पाट कोरडा ठाक. आई वाकून बघायला लागली.

"पाणी कुठाय?"

"पुस्तकात होतं," मामा म्हणाला.

आधी आईच्या ओठांचा कोपरा हलला, मग ती हसायला लागली, मग मामाही. दोघं त्या कोरड्या पाटाच्या कडेला बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसली. इतर प्रवासी वळून बघत होते.

तिसऱ्या दिवशी जंतरमंतर ठरलं होतं. सकाळी चहा पिताना आई म्हणाली, "आज मला तुझी खोली बघायचीय."

"तिथं काय बघण्यासारखं नाय."

"ते मी ठरवीन."

दोन बस बदलून आम्ही एका अरुंद गल्लीत गेलो. दिल्लीत आल्यापासून पहिल्यांदा मामा कोणाला न विचारता चालत होता. कुठली पायरी तुटकी आहे तेही त्याला माहीत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत एक खोली होती. त्या खोलीत मामा आणि आणखी दोघे राहायचे. आता तिथे दुसरी पोरं राहत होती, दाराला कुलूप होतं. खालच्या मजल्यावरची घरमालकीण म्हातारी झाली होती. ती धापा टाकत वर आली आणि मामाला बघून ओरडली, "अरे, बंबई!" तिथे सगळे त्याला बंबई म्हणत. रत्नागिरी कुठे ते सांगून सांगून तो दमला होता. मुंबईत तो फक्त गाडी बदलण्यापुरता उतरायचा.

तिने आम्हाला गच्चीतच बाजेवर बसवलं, चहा आणला. आईने आपल्या हिंदीत विचारलं, हा इथे कसा राहायचा? म्हातारीला विषय मिळाला. म्हणाली, हा माणूस गरीब गाय, कोणाच्या अध्यात नाही. फक्त गावी जायचा महिना आला की याला काहीतरी व्हायचं. रविवारी हातात पुस्तक घेऊन या गच्चीत इकडून तिकडे फेऱ्या मारायचा आणि आपल्या भाषेत मोठमोठ्याने बोलायचा. मध्येच हात वर करायचा. मध्येच थांबून हसायचा. "पहले साल तो मैं डर गई थी," ती म्हणाली. "मेरे घरवाले ने कहा, पाठ करता होगा."

मी आईला ते मराठीत सांगितलं. खरं तर तिला बरंचसं कळलं होतं. ती उठली, गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. धुरकट हवेत दूरवर मिनाराचं टोक दिसत होतं. मामा कपात बघत होता. आई त्याच्या शेजारी बसली आणि बसल्या बसल्या त्याच्या सदऱ्याची वर गेलेली कॉलर तिने नीट केली.

"कलमांना मोहोर धरायला आला असेल," मामा म्हणाला.

"इतक्यात कुठला," आई म्हणाली.

आम्ही अजून दोन दिवस होतो. बाकीचं सगळं पाहिलं, मामाने प्रत्येक पाटी थांबून वाचली. परतल्यावर त्याच आठवड्यात चाचा भेटायला आले. तेही आखात सोडून कायमचे घरी आले होते. "मग, बहिणीला दिल्ली दाखवलीस?" त्यांनी विचारलं.

"तिनेच मला दाखवली," मामा म्हणाला, आणि सगळं खरं खरं सांगून टाकलं. ते ऐकून चाचा म्हणाले की दुबईत अमुक पाहिलं, तमुक पाहिलं म्हणून त्यांनीही घरी बरंच सांगितलं होतं. प्रत्यक्षात गोदी आणि खोली. त्या संध्याकाळी दोघं म्हातारे उशिरापर्यंत एकमेकांना खऱ्या गोष्टी सांगत बसले होते, आणि आई चहा करून देत होती.

मामा त्यानंतर नऊ वर्षं जगला. आई आता सत्तरीच्या पुढे आहे, गुडघ्यांमुळे फारशी बाहेर पडत नाही. थंडीत पेपरात दिल्लीच्या धुक्याचा फोटो आला की चष्मा लावून नीट बघते. परवा म्हणाली, "त्या खोलीवाल्या म्हातारीला गच्ची चढवत नसेल आता." तिची ख्यालीखुशाली विचारायला फोन नंबर घेऊन ठेवायला हवा होता, असंही म्हणाली. मला ते तेव्हा सुचलंच नाही.