ढिलं स्टेअरिंग

दौंड स्टेशनबाहेर एक म्हातारा खेळणी दुरुस्त करायला बसायचा. मुलीची रिमोटची गाडी नीट वळेना, म्हणून मी त्याच्याकडे नेली. त्याने पुढचं चाक अंगठ्याने अडवून रिमोटचं वळवायचं बटण दाबलं. चाकात जोरच नव्हता. आतलं झिजलेलं दातेरी चाक बदलल्यावर त्याचा अंगठा ढकलला गेला, तरी गाडी खाली ठेवायला तो धजेना.

“आबा, झाली की नीट!”

माझ्या गळ्यातलं कंपनीचं कार्ड बघत तो म्हणाला, “मी बी कंपनीची बस चालवायचो. स्टेरिंग ढिलं व्हतं. हाताला सवय झाली, आन् ढिलं हाय हेच कळंना झालं. येक दिवस वळणावर बस वळलीच न्हाई.”

त्याने गाडीचं पुढचं चाक पुन्हा अंगठ्याने अडवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी रांजणगावला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये मी ड्रायव्हरच्या मागची दांडी घट्ट धरून बसलो. तो गप्पा मारत स्टेअरिंग डावं-उजवं हलवत होता. बस मात्र सरळच चालली होती.